कोण कुणाकडे कललं

स्प्रिंगकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. पण का ठेवलं, ते त्यांच्याबरोबर पाच मिनिटं काढली की कळायचं. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी ते खुर्चीच्या बैठकीवर पंजा दाबत. डॉक्टर नाडी बघतात तसे डोळे अर्धवट मिटत आणि म्हणत, "डावीकडची तिसरी गेलीय." यजमानांनी तोवर 'बसा' म्हटलेलंही नसायचं.

तीसेक वर्षं ते सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करत होते. सांगाडा, पट्टे, स्प्रिंगा आणि काथ्या हे काकांचं खातं, तर कापड बेतणं आणि शिवणं काकूंचं. दुकानाच्या पुढच्या भागात काका हातोडी घेऊन बसत, मागच्या भागात काकू मशीनवर, आणि मधल्या पडद्यातून दिवसभर संवाद चाले. संवाद म्हणजे काकू बोलत आणि काका "हं" म्हणत, कारण त्यांच्या तोंडात चुका असत. कापड ठोकायच्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. "माझ्या कामात चुका असतात, पण सगळ्या ठोकून बसवलेल्या," हा काकांचा ठेवणीतला विनोद. काकूंनी तो इतक्यांदा ऐकला होता की गिऱ्हाईक हसायच्या आत त्या आतून ओरडत, "हं, पुढे!"

त्या वर्षी त्यांच्याकडे चित्रकलेच्या वर्गातला सोफा आला. वर्ग छापखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर भरायचा. नोकरीधंदा सांभाळून ज्यांना चित्र काढायची हौस होती अशी मोठी माणसं दर शनिवारी सकाळी तिथे जमत. चित्रासाठी ज्या कुणाला बसवायचं ते त्या दोन माणसांच्या सोफ्यावर बसे, आणि मागच्या खेपेला एक बाई बसल्याबसल्या किंचाळून उठल्या होत्या. स्प्रिंग कापड फाडून वर आली होती.

काकांनी सोफा पार उघडा करून नव्याने बांधला. काकूंनी त्याला गडद हिरवं कापड शिवलं आणि पाठीला अकरा बटणं लावली. शनिवारी सकाळी टेम्पोवाला आणि काका तो अरुंद जिन्यातून तिरका, उभा, पुन्हा तिरका करत वर घेऊन गेले. काकू मागून "भिंतीला घासतोय, भिंतीला घासतोय" म्हणत गेल्या.

वर पोचले तर वर्गात सुतकी शांतता. दहाबारा इझल गोलात मांडलेले, त्यांच्यामागे माणसं हात काळे करून तयार, आणि मधे वर्ग घेणाऱ्या बाई फोन हातात धरून उभ्या.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. न विचारून त्यांना चैन पडलं नसतं.

"आजपासून तीन शनिवार जोडप्याचा अभ्यास आहे," बाई म्हणाल्या. "नाटकातलं एक जोडपं बसणार होतं. आत्ता दोघांचे वेगवेगळे फोन आले. भांडण झालंय. दोघंही यायला तयार आहेत, पण एका सोफ्यावर बसणार नाहीत म्हणतात."

काका सोफ्याचे पाय जमिनीला नीट टेकलेत का ते बघत होते. मान वर करून म्हणाले, "दोन खुर्च्या द्या."

"मग ते जोडपं कसलं? ती तर बसची वाट बघणारी माणसं झाली." बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे. "तुम्ही दोघं बसाल?"

"कशावर?" काका म्हणाले.

"तुमच्याच सोफ्यावर."

काकूंनी बाईंना जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे... कपडे घालूनच ना?"

आवाज म्हणावा तितका खाली गेला नव्हता. समोरच्या इझलमागे उभ्या असलेल्या बेकरीवाल्याच्या हातून खडू पडला.

"घालूनच," बाई म्हणाल्या. "सगळी बटणं लावून."

"मग बसू या," काका म्हणाले. "सोफ्याची चाचणी तरी होईल."

बाईंनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. काकांचे हात गुडघ्यांवर, काकूंचे मांडीत. पावलं नेमकी कुठे आहेत त्याच्या खुणा जमिनीवर खडूने करून ठेवल्या, म्हणजे पुढच्या शनिवारी तसंच बसता येईल. मग वर्गाला सांगितलं, "कागद तपकिरी आहे. सावली कोळशाने, उजेड खडूने, आणि बाकीचं कागदावर सोडा. त्यालाही थोडं काम करू द्या."

पहिली वीस मिनिटं फार जड गेली. दुकानात दोघांच्या मधे पडदा होता आणि घरी जेवायला ते समोरासमोर बसत. असं एका रेषेत, हातात काम नसताना, नुसतं शेजारी बसायची वेळ कधी आली होती ते दोघांनाही आठवेना. काकांचा पंजा बैठक दाबून बघायला शिवशिवत होता. काकूंची अडचण वेगळी होती.

"अहो," ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "दुकानाला कुलूप लावलं ना?"

"हं."

"'हं' म्हणजे लावलं की 'हं' म्हणजे नुसतं हं?"

"काकू, ओठ," बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत दोघं चित्रं बघत फिरले. वर्गातल्या एका वकिलांनी काकांना तीन कोपरं काढली होती. बेकरीवाल्याच्या चित्रात काकू पावासारख्या फुगल्या होत्या. एका बाईंनी माणसं जमत नाहीत म्हणून नुसता सोफाच काढला होता, आणि काकांना ते चित्र सगळ्यात आवडलं. तरी त्यांनी बटणं मोजली. "नऊच काढलीत तुम्ही. अकरा आहेत. दोन कुठे गेली?"

"तुमच्या पाठीमागे," त्या बाई म्हणाल्या.

खिडकीजवळच्या इझलवर सगळ्यात मोठा कागद होता. तिथे निवृत्त नर्स बसत. वर्गात सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. काकू वाकून बघायला गेल्या, तर सिस्टरनी कागदावर फडकं टाकलं.

"पट्टी मी सोडेन तेव्हाच बघायचं," त्या म्हणाल्या. ते अशा स्वरात, की काकू दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांना उगाचच टोचून घेतल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी बसणं सोपं गेलं. काकांचे डोळे मिटायला लागले होते. काकूंचं तर काहीच कानावर येईना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, तरी काकू बोलल्या नाहीत. काकांना काळजीच वाटली.

"बरं आहे ना गं तुला?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"हं," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या शनिवारी, शेवटची बैठक संपल्यावर, सिस्टरनी फडकं काढलं आणि हात पुसत म्हणाल्या, "या."

सगळा वर्गच त्यांच्यामागे जमला.

चित्रात फार काही नव्हतं, हे पहिल्यांदा जाणवलं. सोफा तर जवळजवळ नव्हताच. हिरव्या कापडाच्या जागी कोळसा बोटाने पसरलेला होता, आणि त्या काळोखातून दोन माणसं पुढे आली होती. अंगं बहुतेक कागदाचीच होती, तपकिरी. सिस्टरनी खडू इतका जपून वापरला होता की तो कुठे कुठे आहे ते बोटावर मोजता आलं असतं. काकांच्या टकलावर एक ठिपका. काकूंच्या चष्म्याच्या कडेला एक रेघ. आणि त्यांच्या मांडीतल्या हातांवर, बोटांच्या पेरांवर, जिथे सुईचा दाब घेऊन घेऊन कातडी जाड झाली होती, तिथे चार बारीक पांढरे फटकारे. काकांचे हात गुडघ्यांवर ठेवले होते असं म्हणायचं, पण चित्रात ते नुकतेच काहीतरी खाली ठेवून आल्यासारखे दिसत होते.

"ही बोटं माझी आहेत," काकू हळूच म्हणाल्या. काका आणखी जवळ सरकले. ते चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघत होते.

मग वकील म्हणाले, "काकू काकांकडे कशा छान कलल्यात!"

खरंच कलल्या होत्या. फार नाही. मान, खांदा आणि कंबर यांची मिळून एक रेषा होती, ती सरळ खाली न उतरता काकांच्या बाजूला झुकली होती.

काकूंचा चेहरा बदलला. "मी? मी नाही अशी बसले. मी ताठ बसले होते. बाईंनी सांगितलं होतं ताठ बसा."

"मी दिसलं तेच काढलं," सिस्टर म्हणाल्या. "पस्तीस वर्षं पेशंटचा ताप लिहिलाय. एक अंशाने कधी वाढवून लिहिला नाही."

"मग सोफा कलला असेल!" काकू म्हणाल्या.

तोंडातून गेलं ते गेलं. काकांनी चित्रावरची नजर काढून काकूंकडे वळवली.

"काय म्हणालीस?"

"तुमच्या बाजूची स्प्रिंग बसली असेल. मी घसरले असेन."

पुढचा अख्खा आठवडा दुकानात दुसरा विषय नव्हता. काकांची पंचाईत अशी होती की बायको आपल्याकडे कलली हे त्यांना मनातून फारच आवडलं होतं, पण तसं म्हणायची सवय नव्हती. आणि सोफ्यात खोट आहे हे तर ते मरेपर्यंत मान्य करणार नव्हते. काकूंची पंचाईत उलटी होती. अकरा माणसांसमोर आपण नवऱ्याच्या अंगावर रेलून बसलो, या कल्पनेनेच त्यांच्या मानेवर घाम येई.

"नवीन स्प्रिंगा होत्या," पडद्याच्या या बाजूने काका म्हणत. आजकाल ते त्यासाठी तोंडातल्या चुका काढून हातात घेत.

"नवीन वस्तूच आधी खराब निघते," पलीकडून उत्तर येई.

"मी स्वतः बांधल्यात, आठ गाठी मारून."

"मग एखादी सुटली असेल."

"माझी गाठ? सुटली?"

"माणूस आहात तुम्ही. चुका होतात."

"त्या ठोकलेल्या असतात!" काका ओरडले, आणि आपलाच विनोद आपल्यावर उलटलेला पाहून त्यांनी हातातल्या चुका पुन्हा तोंडात टाकल्या.

चौथ्या शनिवारी वर्गात चित्रं भिंतीवर लावायचं काम चाललं होतं. तेवढ्यात काका आले. एका काखेत फळी, दुसऱ्या हातात पाणसळ, म्हणजे गवंडी वापरतात ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी. मागोमाग काकू, खांद्याला पिशवी अडकवून.

"बाई, सोफ्याची तपासणी करायचीय," काका म्हणाले. "सगळ्यांसमोर."

हातोड्या थांबल्या. वकिलांनी लगेच खुर्ची ओढली आणि न्यायाधीशासारखे बसले. काकांनी सोफ्यावर फळी आडवी टाकली, तिच्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर येऊन थांबला. काकांनी फळी पुढे सरकवली, मागे सरकवली. बुडबुडा हलायला तयार नव्हता.

"बघ," काका म्हणाले.

"रिकामा सोफा सरळच असणार," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा. तुमचं वजन काय, माझं काय. तुम्ही बसलात की खड्डा होतो, आणि शेजारचा माणूस खड्ड्यात येतो."

"मुद्दा ग्राह्य आहे," वकील म्हणाले.

काका आपल्या जागी बसले. काकूंनी पिशवीतून दोऱ्याचं एक मोठं रीळ काढलं आणि आपल्या जागी, मधोमध, आडवं ठेवलं. जरा जरी उतार असता तरी ते काकांच्या दिशेने गडगडलं असतं. अकरा माणसं माना पुढे काढून त्या रिळाकडे बघत राहिली. रीळ होतं तिथेच होतं.

"तुम्ही श्वास धरून बसलात," काकू म्हणाल्या.

काकांनी श्वास सोडला. मग उगाच दोनदा आपटून बसले. रीळ टुणकन उडालं आणि जागच्या जागी येऊन पडलं.

"दोन बैठका वेगळ्या बांधल्यात," काका म्हणाले. आवाजात आता चांगलाच तोरा आला होता. "मधे लाकडी पट्टी टाकलीय. इकडे हत्ती बसवलात तरी तिकडच्याला पत्ता लागणार नाही."

"म्हणजे सोफा निर्दोष," वकिलांनी निकाल दिला. "तेव्हा काकूंच्या कलण्याला सोफा जबाबदार नाही. काकू आपण होऊन..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सगळे काकूंकडे बघत होते. काकूंची मान, मग कान, मग गाल लाल होत गेले. काका विजयी मुद्रेने हसत होते, आणि मग आपण नेमकं काय सिद्ध केलंय ते त्यांच्याही लक्षात आलं. ते हसायचे थांबले आणि पाणसळ उलटीसुलटी करून बघू लागले.

काकू मात्र अशा हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या तरातरा भिंतीजवळ गेल्या आणि सिस्टरच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. शिवणातला धागा बघायला वाकतात तशा वाकल्या, नाक कागदाला लागेल इतक्या जवळ. बराच वेळ तशाच राहिल्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "इथे तुम्ही उसवून पुन्हा शिवलंय."

"कुठे?"

"ह्यांच्या खांद्यापाशी. ही बघा, आत पुसट रेघ आहे. तिच्याखाली अजून एक. शिवण हलवली की जुन्या टाक्यांची भोकं राहतात, तसं."

सिस्टर पुढे आल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "नजर आहे तुम्हाला. कोळसा कितीही पुसला तरी थोडा मागे राहतोच. पहिल्या दिवशी खांदा इथे होता, वर. यजमान अगदी खांबासारखे बसले होते. दुसऱ्या शनिवारी बघते तर खांदा खाली आलेला. मी पुसून परत काढला. मग तुम्ही गप्प झालात, टेकलात, तसा तो आणखी खाली आला आणि तुमच्या बाजूला सरकला. तीनदा काढला मी. माझा अर्धा खोडरबर त्या खांद्यात गेलाय."

आता सगळे काकांकडे वळले.

"खांदा दुखत होता," काका म्हणाले.

"कोणता?" सिस्टरनी विचारलं.

"हा," काकांनी चटकन हात लावला.

"चित्रात दुसरा आहे," सिस्टर म्हणाल्या.

वर्ग असा हसला की खालच्या छापखान्यातून कुणीतरी येऊन काय झालं ते विचारून गेलं. काकू हसल्या नाहीत. त्या सोफ्यापाशी गेल्या, रीळ उचलून पिशवीत टाकलं आणि काकांना म्हणाल्या, "उठा आता. दुखणारा खांदा घेऊन फळी कशी उचलणार? द्या इकडे." फळी त्यांनी खरंच स्वतः उचलली.

चित्रं आठवडाभर भिंतीवर होती. काकू रोज दुपारी दुकान काकांवर टाकून तिथे जात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सिस्टरचं चित्र समजावून देत. "हा पांढरा दिसतो ना, तो खडू. फार थोडा घातलाय बघा. आणि हा मधला रंग रंगच नाही, कागद आहे." एका गृहस्थांनी "किती थकलेलं जोडपं दाखवलंय" असं म्हटल्यावर काकूंनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून बघायला लावलं. शेवटच्या दिवशी नाटकातलं ते जोडपंही आलं, हातात हात घालून. बराच वेळ चित्र बघून नवरा म्हणाला, "आपण याहून चांगले दिसलो असतो." बायको म्हणाली, "तू दिसला असतास." आणि ती दोघं पुन्हा वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडली.

चित्रं उतरवायच्या दिवशी काकूंनी सिस्टरना धीर करून विचारलं, "हे आम्हाला द्याल?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

काकू ओशाळल्या. सिस्टरनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "राग मानू नका. वॉर्डात मी पस्तीस वर्षं जोडपी बघितली. एक पलंगावर, एक स्टुलावर. भेटीची वेळ संपली की घंटा वाजवायची आणि स्टुलावरच्याला घरी पाठवायचं, हे माझं काम. किती जणांना उठवलंय मी! आता घरी एक जोडपं असं हवंय ज्याला ऊठ म्हणावं लागणार नाही."

काकूंनी चित्राच्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं. त्यांनी विचारलं, "घरी न्यायचं कसं? कोळसा उडेल ना?"

मग त्यावर काच बसवून घेतली, त्यामुळे उडायची भीती उरली नाही. पण काचेसकट ते चांगलंच जड झालं होतं, आणि सिस्टर एकट्या राहत. तेव्हा एका टोकाला काका आणि दुसऱ्याला काकू अशी वरात जिन्यावरून खाली आली. सिस्टरचं घर चार गल्ल्या सोडून होतं. वारा सुटला होता आणि चित्र शिडासारखं फुगतंय की काय असं वाटत होतं. सिस्टर पुढे चालत होत्या. "बाजूला व्हा, बाजूला!" त्यांचा तो वॉर्डातला आवाज ऐकून सायकलवाले उतरून उभे राहत होते.

"तुमची बाजू वर घ्या," काकू म्हणाल्या.

"वरच आहे. तू खाली धरलीयस."

"मी सरळ धरलीय."

"तुझं सरळ आता सगळ्या गावाला माहीत झालंय," काका म्हणाले. काकूंना चालता चालता इतकं हसू आलं की चित्र फुटपाथवर टेकवून दोन मिनिटं थांबावं लागलं. सिस्टर कमरेवर हात ठेवून वाट बघत उभ्या राहिल्या.

सिस्टरची खोली लहान आणि लख्ख होती. काकांनी खिळा ठोकला, तिघांनी मिळून चित्र टांगलं आणि मागे सरून बघितलं. खिडकीतून तिरका उजेड येत होता. काकूंच्या बोटांवरचे चार पांढरे फटकारे तेवढे दुरूनही दिसत होते.

"खाली घ्यायला हवं होतं का जरा?" काका म्हणाले.

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "बसा, मी चहा टाकते."

त्या आत गेल्या. बसायला पलंग तेवढा होता. दोघं त्याच्या कडेवर बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"सिस्टर," काकूंनी तिथूनच हाक मारली, "ह्यांना साखर कमी घाला हं. मला चालेल."